समुद्राकडे पाठ

निवृत्त इतिहासशिक्षक विश्वनाथराव मुलीकडे ऑकलंडला येऊन सहा महिने झाले होते, आणि एवढ्या काळात त्यांचं सलग कोणी ऐकून घेतलं नव्हतं. त्यामुळे रविवारची मराठी शाळा चालवणारी दीप्ती म्हणाली, "काका, मुलांना नॉर्थ हेड टेकडीच्या किनाऱ्याने फिरवून आणा. रमली, तर दर महिन्याला अशी फेरी तुमची. कंटाळली, तर मात्र राहू दे," तेव्हा त्यांनी आठवडाभर स्वयंपाकघरात उभं राहून फ्रिजला व्याख्यान दिलं.

किनाऱ्याची वाट फार सुंदर होती, असं नंतर सगळे म्हणाले. विश्वनाथराव मुलांकडे तोंड करून उलटे चालत होते. टेकडीवर ब्रिटिशांच्या जुन्या तोफेपाशी त्यांनी मुलांना गवतावर रांगेत बसवलं आणि स्वतः समुद्राकडे पाठ करून उभे राहिले. जन्मभर त्यांच्या पाठीमागे फळा होता. मागे बघण्यासारखं काही असू शकतं, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"रशियन जहाजं येतील या धास्तीने इंग्रजांनी इथे तोफा बसवल्या."

"सो, आले का?" वेदांतने विचारलं.

"नाही."

"कधीच नाही? लेम."

विश्वनाथरावांनी घाम पुसला आणि फ्रिजला आवडलेला भाग काढला: व्यापाराला आलेली कंपनी राज्य कसं करू लागली. आणि काय आश्चर्य, मुलं ताठ बसली. डोळे विस्फारले. सिद्धी तर उभीच राहिली. प्लासीच्या लढाईला असा प्रतिसाद पुण्यात कधी मिळाला नव्हता. त्यांनी आवाज चढवला, तशा टाळ्या पडल्या.

नातीने, इराने, त्यांची बाही ओढली. "आजोबा, मागे पाण्यात ऑर्का व्हेल आहेत."

ते वळले. पाणी सपाट होतं.

"गेले," इरा म्हणाली. "सॉरी."

दीप्ती ओठ दाबून हसत होती. आपली फेरी बुडाली, हे त्यांना कळलं. ते मुलांशेजारी गवतावर बसले. "मला नाही रे दिसले. कसे होते, सांगा तरी. मराठीत सांगा, माझं इंग्रजी या तोफेच्या काळातलं आहे."

एरवी मराठीला नुसती मान हलवणारा वेदांत म्हणाला, "मोठा होता. काळा. पोट पांढरं. आणि एक बेबी."

"पिल्लू," सिद्धी म्हणाली.

"हां, पिल्लू. ते आईच्या अंगावर पडलं."

"पडलं नाही, उडी मारली."

मग सगळेच बोलू लागले, एकमेकांना खोडून काढत, आणि विश्वनाथराव नुसतं "मग?" म्हणत राहिले.

उतरताना दीप्ती म्हणाली, "काका, पुढच्या महिन्यात नक्की या. फक्त शेवटी बोललात तेवढंच बोला."

विश्वनाथरावांना ते पटलं. कमी बोलण्याचं महत्त्व त्यांनी तिला पार फेरीबोटीपर्यंत समजावून सांगितलं.