थोरल्या डॉक्टरांना न येणारं काम

थोरल्या डॉक्टरांच्या हाताला यश आहे, असं अख्खं हॉस्पिटल म्हणायचं, आणि खरं सांगायचं तर थोरल्यांनाही ते केव्हाच पटलेलं होतं. आठ वर्षांपूर्वी त्यांनी शाळेतल्या निवृत्त हेडबाईंची छाती उघडली, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीचा फुगलेला तुकडा कापला आणि तिथे कापडी नळी शिवली. बाई खडखडीत बऱ्या झाल्या. आता मात्र त्याच शिवणीत एक बारीक भोक पडून बाहेर रक्ताचा फुगा धरला होता. तो फुटला की कारभार आटोपला.

उपाय धाकटीकडे होता. धाकटी म्हणजे थोरल्यांच्याच हाताखाली शिकलेली डॉक्टरीण. जांघेतून बारीक नळी वर न्यायची, क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत त्या भोकात बूच बसवायचं, झालं काम! ना चिरफाड, ना पूर्ण भूल. पण हेडबाईंनी सही करायला साफ नकार दिला.

"मला हात लावतील तर हेच. दुसरं कुणी नाही."

थोरल्यांना आधी गुदगुल्याच झाल्या. धाकटीने त्यांना पॅसेजमध्ये गाठलं.

"सर, तुम्हीच समजवा. चौऱ्याहत्तर वय. पुन्हा छाती उघडली तर..."

"माहीत आहे मला," थोरले खेकसले.

माहीत होतंच. जुन्या ऑपरेशनच्या जागी आत सगळं चिकटून बसलेलं असतं. सुरी पोचेपर्यंत फुगा फुटायचा. तरी मेले हात शिवशिवत होते! चाळीस वर्षांत 'मला येत नाही' हे तीन शब्द त्यांच्या तोंडून निघाले नव्हते. पॅसेजमध्ये दोन येरझाऱ्या झाल्या, एका निरपराध खुर्चीला शिव्या घालून झाल्या. मग ते धाकटीला घेऊन आत गेले.

"बाई, सुरीने मी करेन, पण तुम्ही वाचाल असं वाटत नाही. नळीने वाचाल. ते मला येत नाही. हिला येतं."

बाईंनी चष्म्यावरून रोखून पाहिलं. "एवढंच होतं, तर तोंड का पाडलंत? द्या तो कागद. पण तुम्ही आत हवेत."

थोरले शिशाचा जड एप्रन चढवून कोपऱ्यात उभे राहिले. हातांचं काय करावं ते कळेना. पाऊण तासात बूच बसलं आणि फुग्यात जाणारं रक्त थांबलं. त्यांना हेवा वाटला, अभिमानही वाटला.

नळी काढल्यावर जांघेतलं भोक हाताने दाबून धरावं लागतं, चांगली वीस मिनिटं. हे काम सगळ्यात नवख्याचं. थोरल्यांनी हातमोजे मागितले.

"सर, तुम्ही कशाला?" नवखा डॉक्टर गोंधळला.

"सरक."

त्यांनी बोटं टेकवली. धाकटी जरा घुटमळली. "थोडं वर, सर."

त्यांनी बोटं थोडी वर घेतली. खाली बाईंची नाडी ठणठणीत उडत होती.

"काय चाललंय?" बाईंनी विचारलं.

"हिने सांगितलं तिथे दाबतोय. पाय हलवू नका."

वीस मिनिटं झाली. थोरल्यांना 'पुरे' म्हणायची कुणाची छाती होईना. शेवटी त्यांनीच मान वर करून विचारलं, "काढू?"

धाकटीने वाकून पाहिलं. "अजून दोन मिनिटं, सर."

"बरं," थोरले म्हणाले, आणि दाबून उभे राहिले.