बाथरूम कुठंय

राणीसावरगावची अर्पिता सेलूच्या एका कापूस जिनिंगच्या ऑफिसात नोकरीला लागली. पहिल्या दिवशी तिला एवढंच विचारायचं होतं, की बाथरूम कुठंय. शेजारच्या टेबलावरच्या परमेश्वरभाऊंनी आधी तिचं गाव विचारलं, मग आडनाव, मग मामाचं गाव. त्यांच्या साडूचं शेत नेमकं तिच्या मामाच्या बांधाला लागून निघालं. "मग तू आमची भाचीच की," म्हणत त्यांनी चहा सांगितला आणि बाथरूम राहूनच गेलं. वजनकाट्यावरच्या सुग्रीवरावांना विचारायला गेली, तर ते लांबचे काका निघाले. पुन्हा चहा. नको म्हणायची सोय नव्हती. चहा नाकारला की नातंच नाकारलं.

दुपारपर्यंत अख्खं ऑफिस तिचं सोयरं झालं आणि तिला खुर्चीत बसवेना. शेवटी ती झाडू मारणाऱ्या तानुबाईंपुढं उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, "राणीसावरगाव, मुंढ्यांची, मामा पाथरीचे, लग्न ठरलं न्हाई, चहा लय झालाय. मावशी, बाथरूम कुठंय?"

तानुबाईंनी मागचं दार दाखवलं. "अगं पोरी, एवढी निकड हाय, तर सकाळीच कुणाला विचारायचं न्हाई का?"