घरभेट

तानाजीअण्णांनी आपलं दूध संकलन केंद्र पुण्याच्या कंपनीला विकलं, तेव्हा नेकनूरच्या पंचक्रोशीत कुणाला फार वाईट वाटलं नाही. अण्णांच्या काळात केंद्रात नोकरीला लागायचं म्हणजे अण्णांच्या ओळखीतलं असणं पुरे होतं. कुणाचा भाचा, कुणाचा मेव्हणा, निवडणुकीत राबलेला कुणी पोरगा. काम थोडं, बोलणं फार. कुणी कामावर आलं नाही तर अण्णा चारचौघांत आईबहिणीवरून शिव्या घालायचे आणि संध्याकाळी त्यालाच गाडीत मागं बसवून लग्नाला न्यायचे. काढायचे मात्र कुणालाच नाहीत.

कंपनी शिव्या घालत नव्हती. कंपनीनं काटे बदलले, दूध तपासायचं नवं यंत्र आणलं, सगळ्यांना निळे शर्ट दिले आणि मनुष्यबळ अधिकारी म्हणून चैतालीला पाठवलं.

चैताली बीडचीच. वडील जालिंदर एस.टी.त मेकॅनिक होते, आता निवृत्त. आई पारूबाईंनी शिवणकाम करून लेकीच्या शिक्षणाला हातभार लावलेला. एमबीए झाल्यावर चैतालीनं आधी चाकणला मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात नोकरी केली, मग संभाजीनगरला एका मोठ्या दवाखान्यात. जागा बदलल्या, काम तेच राहिलं. वर्षभर माणसांची कामगिरी मोजायची, वरचे निवडायचे, आणि तळाला उरतील त्यांना समोर बसवून सांगायचं. "तुमच्या योगदानाबद्दल संस्था आभारी आहे, पण नव्या रचनेत तुमची जागा राहिलेली नाही." चाकणला हे वाक्य पहिल्यांदा म्हटल्यावर ती बाथरूममध्ये जाऊन रडली होती. दवाखान्यातल्या आयाबाईंना सांगितलं त्या दिवशी नुसतं डोकं दुखलं. नंतर तेही थांबलं. हे बरं लक्षण की वाईट, याचा तिनं विचार केला नाही.

केंद्रातून पहिला नंबर लागला तो राधाकिशनचा. कॅन उतरवून वजन करायच्या जागी तो पंधराएक वर्षं होता. पन्नाशीला आलेला, तंबाखूचा शौकीन, सकाळी उशिरा येणारा. नव्या यंत्राचं बटण दाबायला कचरायचा आणि शेजारच्याला म्हणायचा, "तूच बघ बे, माझ्यानं व्हत न्हाई." एकदा चुलतभावाचं आंबट दूध त्यानं तसंच पुढं ढकललं होतं, ते पकडलंही गेलं होतं. म्हणजे कंपनीचं म्हणणं खोटं नव्हतं. पण आंबट दूध पकडलं गेलं तेव्हा त्याला समज देऊन प्रकरण मिटवलेलं. आता कारण एवढंच होतं, की प्रत्येक केंद्रात कुणीतरी तळाला असलंच पाहिजे असा नियम आला होता.

चैतालीनं त्याला ऑफिसात बोलावलं आणि ते वाक्य म्हटलं. राधाकिशन ऐकत राहिला. मग बराच वेळ शर्टाचं बटण चाचपत बसला. तिला वाटलं, आता हा हातापाया पडेल किंवा अण्णांचं नाव काढेल. दोन्हीची उत्तरं तिच्याकडं तयार होती.

"मॅडम, घरी तुमीच चला," तो म्हणाला. "म्या सांगितलं तर माय म्हणल, ह्यानंच कायतरी भानगड केली. गावात बी तसंच म्हणतील. तुमी कंपनीच्या मानूस, तुमी सांगा."

असं कुठल्याच नोकरीत कुणी मागितलं नव्हतं. नाही म्हणायला कारण सुचेना, म्हणून ती स्कूटी घेऊन त्याच्या मोटारसायकलमागं निघाली.

घर गल्लीच्या टोकाला होतं. दारात राधाकिशनची आई छबुबाई लसूण सोलत बसलेली. शेताभातात उभं आयुष्य काढलेली, ताठ पाठीची म्हातारी. राधाकिशननं खुर्ची आणून ठेवली आणि स्वतः उंबऱ्याशी जाऊन उभा राहिला. छबुबाईंनी आधी चैतालीला कुणाची, कुठली, ते विचारून घेतलं. चैतालीनं बापाचं नाव सांगितलं, बीडमधली वस्ती सांगितली. म्हातारीनं मान हलवली. सुनेला चहा टाकायला सांगितलं.

चैतालीनं वाक्य म्हटलं. म्हातारीला त्यातलं 'जागा राहिली नाही' एवढंच कळलं.

"चोरी केली का यानं?"

"नाही आजी."

"दारू पिऊन आलता?"

"नाही."

"मंग कावून काढलं?"

"कंपनी बदलतेय आजी. काम बदललंय."

"काम बदललं तर शिकवायचं. इतके साल त्या कॅनी उचलून कंबर गेली याची. तवा न्हाई बदलावं वाटलं कुणाला."

यंत्राचं प्रशिक्षण दिलं होतं, असं चैताली म्हणाली. ते खरंही होतं. राधाकिशन जमिनीकडं बघत होता. म्हातारी लसणाच्या पाकळ्या एका बाजूला सारून हळूच उठली, चैतालीजवळ आली.

"बाई, तू शिकलेली हायेस. चोरी न्हाई केली, एवढं भाईर सांगशील का? नातीचं लगीन जमवायचंय. लोक लई बोलतेत."

बाहेर ओट्यावर शेजारच्या तीनचार बाया आणि दोघं म्हातारे येऊन बसलेच होते. चैताली दारात उभी राहिली आणि म्हणाली, की राधाकिशन यांनी कोणताही गैरप्रकार केलेला नाही, कंपनीची त्यांच्याविषयी तक्रार नाही, रचना बदलल्यामुळं त्यांना जावं लागतंय. आंबट दुधाचं तिनं काढलं नाही. एका म्हाताऱ्यानं विचारलं, मग तुमची जागा राहिली का? तिनं हो म्हटलं. कुणी हसलं नाही. मग ती आत येऊन चहा प्यायली आणि निघाली.

रात्री जेवताना तिनं आईला सगळं सांगितलं. पारूबाईंनी लक्षपूर्वक ऐकलं आणि एकच विचारलं.

"चहा कशात दिला?"

चैतालीला आठवेना. कप होता की पेला, घरातल्यांच्या भांड्यांतला होता की आपल्यासारख्यांसाठी बाजूला ठेवलेला, काही काही आठवेना. लहानपणापासून कुणाच्याही दारात गेलं की तिची नजर आधी तिकडं जायची. आजी तसं बघायला सांगायची, आई सांगायची, चाकणच्या घरमालकिणीकडंही तिनं पहिल्या दिवशी तेच पाहिलं होतं. पारूबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"ध्यान कुठं असतं गं तुझं?"

"थकले होते," चैताली म्हणाली आणि ताट उचलून ठेवलं.

महिन्याअखेरीस पुण्याहून सतीश सरांचा फोन आला. ते कंपनीत बदलाच्या कामाचे प्रमुख. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका केंद्रावर काढलेल्या माणसांनी टँकर अडवले होते, पोलीस बोलवावे लागले. नेकनूरला काहीच कसं झालं नाही, असं त्यांनी विचारलं. चैतालीनं झालं ते सांगितलं. सर म्हणाले, हे फार चांगलं आहे, याला आपण पद्धत करू.

पद्धत झाली. तिला 'घरभेट' असं नाव मिळालं. चैतालीनं त्यावर पुण्यात शिबिर घेतलं. कंपनीचा पशुखाद्याचा कारखाना होता, शीतगृहं होती, तिकडचे अधिकारी आले. पुढं एका शिक्षणसंस्थेनं आणि एका कापड दुकानांच्या मालकानंही तिला बोलावलं. माणसं सगळीकडं सारखीच, असं सतीश सर प्रस्तावनेत म्हणायचे. मग चैताली समजावून सांगायची. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाशी बोला. घड्याळ पाहू नका. दिलेला चहा प्या. शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं, चांगलं बोला. सायली नावाच्या नव्या मुलीनं एकदा विचारलं, "मॅडम, त्यांच्यासमोर आपल्याला रडू आलं तर?" चैताली म्हणाली, "येत नाही." मुलीनं ते वहीत लिहून घेतलं.

त्या वर्षी चैतालीला वरचं पद मिळालं. जालिंदरनी पेढे वाटले. राधाकिशन पाटोद्याच्या बाजारात एका आडत्याकडं मापाड्याचं काम करतो, असं तिच्या कानावर आलं. नातीचं लग्न जमलं, तेही कळलं. पत्रिका आली होती. ती गेली नाही.

पुढं उन्हाळ्यात एका रविवारी ती मावशीला भेटून परत येताना नेकनूरजवळच्या वस्तीवर स्कूटी पंक्चर झाली. पंक्चरचं दुकान कुठं आहे ते विचारावं म्हणून ती गाडी ढकलत पहिल्या घरासमोर थांबली. अंगणात एक बाई गहू वाळत घालत होती. तिचं नाव बबिता, नवरा केंद्रावर टँकर धुवायच्या कामाला. चैतालीनं तिला ओळखलं नाही. बबितानं मात्र तिला लगेच ओळखलं.

ती सूप खाली ठेवून उभी राहिली. आत गेली, खुर्ची आणली, पदरानं पुसली. सासूला हाताला धरून बाहेर आणून बसवलं.

"बसा मॅडम. आज केंद्रावर यांची सुट्टी, रानात गेलेत, बोलावणं धाडते."

"अहो नाही, माझी गाडी पंक्चर झालीय फक्त. दुकान कुठंय?"

बबितानं चाकाकडं पाहिलं नाही.

"आमच्या सासूबाईला कमी ऐकू येतं," ती म्हणाली. "जरा जोरात सांगा."

चैतालीनं पुन्हा सांगितलं, की तसं काही नाही, आज रविवार आहे, तुमच्या नवऱ्याचं नाव काढायच्या यादीत कुठंच नाही. बबिता होय होय म्हणत राहिली. शेजारची बाई कुंपणाशी येऊन उभी राहिली होती. आत कुणीतरी स्टोव्हला पंप मारत होतं.

आता निघून गेलं तर ही बाई नवरा येईपर्यंत काय धरून बसेल, हे चैतालीला कळत होतं. आणि थांबलं तरी तेच. ती खुर्चीवर बसली. सासूकडं वळून, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आजी, काही झालेलं नाही."

म्हातारीनं समजल्यासारखी मान हलवली आणि डोळ्यांना पदर लावला.