दोन व्याही आणि आलुबुखाराची जिन

भीड ही भिकेची बहीण, असं म्हणतात. बाइंडरांच्या घरी ती लहानपणापासूनच मुक्कामाला होती. एखादं गिऱ्हाईक पुस्तक बांधायला टाकून जाई आणि न्यायला विसरे, तर हे त्याला फोन करायचे नाहीत. उगाच त्याला ओशाळल्यासारखं होईल! कपाटाचे वरचे दोन खण अशा पोरक्या पुस्तकांनीच भरले होते. फावल्या वेळात ती वाचून काढायची, एवढाच त्यातला फायदा.

अशा माणसाने शनिवारी सकाळी आपण होऊन फोन उचलला आणि व्याह्यांना घरी बोलावलं. व्याही तरी कसले? मुलीचा काडीमोड होऊन कितीतरी महिने उलटले होते. तेव्हापासून दोघा बापांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

पहिलं वाक्य त्यांनी मनात चांगलं घोकून ठेवलं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच.

"बरणी," ते म्हणाले. "म्हणजे, जिन मुरलीय. बरीच मुरलीय. निम्मी तुमची आहे."

पलीकडून मग डॉक्टरांचा तो दांडगा आवाज, आज जरा बेताने सोडलेला. "कोण बोलतंय?"

"मी... मी बोलतोय."

"असं होय? मग मीही मीच बोलतोय. अहो, गंमत केली! तुमचा आवाज ओळखू आला नाही, तर मला दात सोडून कानांच्या मागे लागावं लागेल."

"संध्याकाळी येता?"

"येतो की." डॉक्टर थांबले. "पण पोरीला माहीत आहे ना, मी येतोय ते?"

"हो, हो," बाइंडर म्हणाले.

इथेच त्यांनी घोळ घातला. पोरीला काहीसुद्धा माहीत नव्हतं.

डॉक्टर दातांचे. अंगाने आडवे, हसले की खिडकीची काच वाजावी असे. यांची मुलगी नि त्यांचा मुलगा, दोघांनी आपापसात जमवलं आणि हे दोन बाप एकमेकांसमोर येऊन बसले, तेव्हा बाइंडरांना घाम फुटला होता. या माणसाशी काय बोलायचं? पण डॉक्टरांच्या परसात आलुबुखाराचं झाड होतं, आणि फळं त्याला नको इतकी लागत. उन्हाळा सरता सरता डॉक्टर पिशवी भरून घेऊन आले आणि म्हणाले, "व्याही, तुमच्याकडे टोच्या आहे ना, पुस्तकं टोचायचा? तो काढा." दोघांनी बसून एकेक फळ टोचलं, मोठ्या बरणीत भरलं, साखर घातली आणि वरून जिन ओतली. बरणी ठेवली बाइंडरांच्या कामाच्या खोलीत, टेबलाखाली, कारण तिथे ऊन पोचत नसे. मग महिन्या-दोन महिन्यांनी गाळायची, लिंबू-संत्र्याचा रस नि सोडा घालून प्यायची, आणि गप्पा मारायच्या. म्हणजे डॉक्टरांनी मारायच्या नि बाइंडरांनी ऐकायच्या.

"साखर जरा जास्त होतेय का?" बाइंडर दरवर्षी विचारायचे.

"होऊ द्या! साखरेवरच माझं घर उभं आहे," डॉक्टर दरवर्षी म्हणायचे.

दोघेही विधुर. बायका असत्या, तर या दोघांना स्वयंपाकघरात कुणी उभं केलं नसतं.

गेल्या उन्हाळ्यात बरणी अशीच भरली गेली. ती मुरायच्या आत मुलांचं तुटलं. भांडणतंटा नाही, आदळआपट नाही. बाइंडरांना ते आपल्या धंद्यातलंच वाटलं होतं. दोन चांगले कागद असतात, पण एकाचे तंतू उभे, दुसऱ्याचे आडवे. चिकटवले की ओले असेपर्यंत छान बसतात, वाळताना मात्र ओढ धरतात. त्यात कागदाचा काय दोष?

मुलगी एक बॅग घेऊन माहेरी आली. सार्वजनिक तलावावर ती मुलांना पोहायला शिकवायची, ते काम तिने एक दिवसही चुकवलं नाही. पहिल्याच आठवड्यात जेवताना बाइंडर सहज म्हणून गेले, "आज डॉक्टर भेटले असते तर..." आणि ती ताट उचलून आत निघून गेली. झालं! त्या दिवसापासून त्या घराचं नाव या घरात निघालं नाही. बाइंडरांनी स्वतःला बजावलं, लेकीचं दुःख मोठं, आपली करमणूक धाकटी. शेजारणीने विचारलं तर सांगायचे, "छे, तसं काही नाही, कामात असतो." पण टेबलाखालची बरणी ते न चुकता हलवून ठेवायचे. आणि हलवताना दर वेळी वाटायचं, हे असंच चाललं तर आपल्याशी मोठ्याने हसणारं माणूस आता या जन्मात पुन्हा मिळायचं नाही.

मुलगी शनिवारी तलावावरून अंधार पडल्यावर यायची. तोवर डॉक्टर येऊन, पिऊन, निम्मी जिन घेऊन परत जातील, असा त्यांचा हिशेब होता. पुढचं पुढे.

डॉक्टर आल्यावर समोरासमोर गप्प उभं राहायची वेळ येऊ नये, म्हणून सगळं आधीच तयार ठेवावं असं त्यांनी ठरवलं. दुपारीच लिंबं कापली, संत्रं सोललं, सालीच्या लांब पट्ट्या काढल्या. कागद कापणारा हात, पट्ट्या अगदी एकसारख्या निघाल्या. राहिलं होतं गाळणं. ते नेहमी डॉक्टर करायचे, दवाखान्यातली जखमेला लावायची जाळीदार पट्टी आणून. बाइंडरांनी आजूबाजूला पाहिलं. जाळीदार कापडाला त्यांच्याकडे काय तोटा? पुस्तकाच्या पाठीला चिकटवायच्या पांढऱ्या, विरळ कापडाचे तागेच्या तागे पडले होते. एक चौकोन कापला, भांड्यावर ताणला आणि बरणीतली निम्मी जिन त्यावर फळांसकट ओतली. गाळ पिळायला नको, म्हणून वरून थोडा साखरेचा गरम पाक फिरवला. फळांतला रस धुऊन निघेल, अशी अक्कल.

खाली भांड्यात लालभडक, काचेसारखी जिन उतरायची. उतरलं ते गढूळ गुलाबी, दाटसर काहीतरी. चमच्याने ढवळलं तर चमच्याला तार आली. बाइंडरांनी बोटाला लावून दोन बोटं मिटली. बोटं चिकटली.

तेव्हा त्यांच्या डोक्यात उजेड पडला. बांधणीच्या कापडाला खळ असते, चांगली कडक खळ. ज्या माणसाने उभा जन्म ते कापड हाताळलं, त्याला ते आठवू नये? त्यांनी जिनची खळ करून ठेवली होती... तिने पुस्तक बांधता आलं असतं.

दारावरची घंटा वाजली. डॉक्टर वेळेच्या आधी आले होते.

दोघे दारात उभे राहिले. डॉक्टर जरा उतरले होते, शर्टाची कॉलर सैल दिसत होती. नेहमी ते पाठीवर थाप मारायचे. आज त्यांनी हात पुढे केला, बाइंडरांनीही केला, आणि मग आपला हात चिकट आहे हे बाइंडरांना आठवलं.

"हे काय लागलंय?" डॉक्टरांनी आपल्या बोटांकडे पाहिलं.

"जिन," बाइंडर खालमानेने म्हणाले.

स्वयंपाकघरात डॉक्टरांनी भांड्यात डोकावलं. कापडाचं टोक उचलून पाहिलं, वास घेतला, चमचा वर धरला. तार हळूहळू खाली आली. डॉक्टरांचं पोट आधी हललं, मग खांदे, आणि मग ते असे हसले की फळीवरचे पेले किणकिणले.

"वा, व्याही! मी कवळ्या बसवायला बाजारातून महागडी पेस्ट आणतो, आणि तुमच्या घरी ही फुकट तयार होते!"

"सगळी नाही गेली. निम्मी बरणीत आहे."

"म्हणजे तुमची गेली. उरलेली माझी." डॉक्टरांनी खिशातून गुंडाळी काढली. पट्टी आणली होती तर! "हात धुऊन घ्या, आणि त्या तुमच्या कापडाला हात लावू नका. उंटावरचे शहाणे!"

मग काम सुरू झालं. डॉक्टरांनी पट्टीचे चार पदर केले, बाइंडरांनी बरणी तिरपी धरली. थेंब थेंब करत जिन उतरू लागली, आणि या वेळी ती तशीच होती, उजेडात धरली की माणकासारखी. झाकणाच्या बाटलीत बर्फ, जिन, लिंबाचा रस, थोडं संत्रं असं घालून डॉक्टरांनी ती खुळखुळ्यासारखी हलवली. बाइंडरांना वाटलं, या खोलीत कित्येक दिवसांत इतका आवाज झाला नव्हता.

त्या आवाजात बाहेरच्या दाराची किल्ली फिरलेली कुणालाच ऐकू आली नाही.

"तलावाचा पंप बिघडला," मुलगी आत येत म्हणाली. केस ओले, खांद्यावर टॉवेल. "सगळ्या पोरांना घरी..." आणि ती उंबऱ्यातच थांबली.

डॉक्टरांचा हात हवेत थांबला. बाटलीतला बर्फ एकदा वाजला.

"बाबा?"

"डॉक्टर आले आहेत," बाइंडर म्हणाले.

"ते दिसतंय."

डॉक्टरांनी बाटली खाली ठेवली. एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा बाइंडरांकडे. "हिला माहीत नव्हतं?"

बाइंडर तोंडात मारल्यासारखे उभे.

"निघतो मी," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. तो आवाज त्यांना शोभत नव्हता. "पोरी, रागावू नकोस यांच्यावर. बरणी माझी राहिली होती, एवढंच." त्यांनी खुर्चीवरचा कोट उचलला, एक बाही घातली, दुसरी सापडेना.

बाइंडर त्या लोंबत्या बाहीकडे बघत राहिले. आत्ता ही बाही सापडली, की माणूस दाराबाहेर. मग पुन्हा कधी फोन करण्याचा धीर आपल्याला होणार नाही, हे ते पक्कं जाणून होते. त्यांनी पुढे होऊन कोटच धरला.

"थांबा," ते म्हणाले. मुलीकडे बघण्याची हिंमत नव्हती, म्हणून जे बोलले ते बरणीकडे बघून. "मीच बोलावलं. तुला सांगितलं नाही, आणि यांना सांगितलं की तुला माहीत आहे. दोघांशीही खोटं बोललो. पण बाळ, तुझं लग्न तुझं होतं. तू सोडलंस, त्याबद्दल मी तुला कधी विचारणार नाही. हे मात्र... हे माझे आहेत. यांना सोडायला मला जमत नाही. करून पाहिलं."

एवढं सलग ते कित्येक वर्षांत बोलले नव्हते. त्यांचे कान लाल झाले.

मुलगी टॉवेलाने केस पुसत राहिली. नको तितका वेळ.

"मी कधी म्हटलं सोडा म्हणून?" शेवटी ती म्हणाली.

"त्या दिवशी ताट उचलून गेलीस."

"रडू येत होतं, बाबा! तुमच्यासमोर रडले असते तर तुम्ही आठवडाभर जेवला नसता." तिने टॉवेल खुर्चीवर टाकला. "मग तुम्ही त्यांचं नावच काढेनासे झालात. मला वाटलं, माझ्यापायी तुमची दोस्ती मोडली. आता कुठल्या तोंडाने विचारू? रोज बघत होते ना तुम्हाला, टेबलाखाली वाकून बरणी हलवताना. मागे एकदा बोलायला आलेही होते, तर तुम्ही घाईघाईने डिंकाचा डबा शोधायला लागलात."

"तो खरंच हवा होता मला," बाइंडर पुटपुटले.

"हातात होता तुमच्या!"

डॉक्टरांना आता राहवेना. "बापलेक दोघेही एका माळेचे मणी! एकाच छपराखाली राहून एकमेकांना चुकवता? आणि मी तिकडे घरी बसून समजत होतो की इकडे माझं नाव टाकलंय." त्यांनी घातलेली बाही काढली आणि कोट पुन्हा खुर्चीवर ठेवला. "अण्णा म्हणायचीस मला. आता काय म्हणणार, ते तूच ठरव. पण आधी हे घे, बर्फ वितळतोय."

त्यांनी तीन पेले भरले. वरून सोडा, कडेला संत्र्याच्या सालीची पट्टी. मुलीने पेला उजेडात धरून रंग पाहिला. मग ओट्यावरचं दुसरं भांडं तिच्या नजरेस पडलं.

"आणि हे काय?"

"ती तुझ्या वडिलांची पाककृती. तिच्याने भिंतीला कागद चिकटतो."

ती हसली. मोठ्याने नाही, पण हसली, आणि त्याच हसण्यात तिने पहिला घोट घेतला. घोट आत गेला मात्र, तिने डोळे मिटले आणि हात गालावर गेला.

डॉक्टरांनी आपला पेला खाली ठेवला. "डावीकडची दाढ. खालची."

"काही नाही. गार लागलं."

"गार सगळ्यांना लागतं, गाल कुणी धरत नाही. कधीपासून?"

"झाले असतील थोडे महिने."

"कुणाला दाखवलीस?"

तिने सालीची पट्टी बोटाने पेल्यात ढकलली.

"अगं, या रस्त्यावर माझ्याखेरीज दोन दवाखाने आहेत!"

"तुमच्याकडे येणार तरी कशी?" ती पेल्याकडे बघत म्हणाली. "आणि दुसऱ्याकडे गेले असते, तर तुम्हाला कळलं असतं. वाईट वाटलं असतं तुम्हाला, अण्णा."

डॉक्टरांनी नळाखाली हात खसखसून धुतले, एक चमचा उकळत्या पाण्यातून काढला आणि खुर्ची खिडकीपाशी ओढली, बाहेर अजून उजेड होता तिथे.

"बस. मान मागे. आ कर."

मुलगी बसली. डॉक्टरांनी चमच्याच्या दांड्याने गाल अलगद बाजूला केला. "व्याही, विजेरी आणा हो, नुसते उभे काय राहिलात?"

बाइंडर कामाच्या खोलीतून विजेरी घेऊन धावत आले. पोरीच्या तोंडात उजेड पाडत ते डॉक्टरांच्या खांद्यावरून वाकले. त्यांना काही कळत नव्हतं, पण डॉक्टर "हं" म्हणाले की तेही "हं" म्हणत होते.

"वाचेल," डॉक्टर म्हणाले. "किडलीय, पण मूळ शाबूत आहे. सोमवारी सकाळी दवाखान्यात यायचं. आणि मग दर आठवड्याला, मी पुरे म्हणेपर्यंत."

तोंड उघडं असल्यामुळे मुलीला काही बोलता येत नव्हतं. तिने नुसती मान हलवली.

"हलू नकोस गं!" दोघेही एकदम ओरडले.