डाव्या हाताची करंगळी

आजपासून अंदाजाने औषध देण्याचं युग संपलं, यापुढे प्रत्येक माणूस त्याच्या स्वतःच्या औषधाने बरा होईल, असं आमच्या इस्पितळाच्या संचालकांनी फीत कापताना जाहीर केलं. त्यांच्या डोक्यावर नव्या विभागाची पाटी होती. तिच्यावर वीतभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं, 'अचुक उपचार विभाग'. चू ऱ्हस्व.

माझा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला, पण पाटी बारा फुटांवर होती. पुढे त्या पाटीसाठी मी तीन अर्ज केले. तिसऱ्याला उत्तर आलं, की पाटी लोकांना वाचता येत आहे, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे. त्या उत्तरात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. मी त्यांच्याखाली लाल रेघा मारून कागद जपून ठेवला.

वैद्यकीय नियतकालिकांची मुद्रितं तपासण्यात मी चौतीस वर्षं घालवली. निवृत्त झालो तेव्हा या विभागाने मला पुन्हा कामाला लावलं. विभाग म्हणजे तळघरातल्या, धुलाईखान्याला लागून असलेल्या दोन खोल्या. भिंत बाराही महिने कोमट. एका खोलीत मी आणि दुसरीत टक्केबाई. बाई गणितातल्या मोठ्या, वयाने मात्र माझ्या मुलीएवढ्या, म्हणजे मला मुलगी असती तर. जेवलात का, असं विचारल्यावर जी बाई "ऐंशी टक्के" असं सांगते, तिला लोक दुसरं काय म्हणणार.

काम असं होतं. जगभरचे डॉक्टर आपापल्या रुग्णांवर लेख लिहितात. कुणाच्या पेशींमध्ये कोणता बिघाड होता, कोणतं औषध दिलं, पुढे काय झालं. असे लाखो लेख आमचा संगणक वाचून काढायचा आणि नवा रुग्ण आला की अगदी त्याच्यासारखे आधी कोण होते, त्यांना कशाने गुण आला, ते सांगायचा. त्याला आम्ही मास्तर म्हणत असू. त्याने सगळं वाचलेलं होतं आणि तो कुणाला काही विचारत नसे. मास्तरांनी लेखातून उचललेली माहिती मूळ लेखाशी ताडून पाहायची आणि जुळली तर खाली बरोबरची खूण करायची, एवढंच माझ्याकडे होतं. वय तेच आहे ना, औषधाच्या नावातलं अक्षर इकडचं तिकडे झालं नाही ना, दशांशचिन्ह जागेवर आहे ना. माझ्या नजरेतून दशांशचिन्ह कधी सुटलं नाही.

त्याचं गुपित सांगतो. मुद्रितं तपासणाऱ्याने अर्थ वाचायचा नसतो. अर्थात शिरलं की डोळा पुढे पळतो आणि चूक मागे राहते. मी हृदयविकारावरचे हजारभर लेख तपासले असतील, पण हृदय कोणत्या बाजूला असतं हे सांगायला मला अजून छातीवर हात ठेवून बघावं लागतं.

मग दादाच्या फुप्फुसात गाठ निघाली.

दादा माझा थोरला भाऊ. उभा जन्म लिफ्टदुरुस्तीत गेला. वहिनी गेल्यापासून आम्ही दोघे एकाच घरात राहत होतो आणि एकमेकांच्या घोरण्याविषयी तक्रार करत होतो. तो मला कानामात्रा म्हणतो. लहानपणी म्हणायचा ते वेगळंच होतं. त्यापेक्षा हे बरं.

गाठीतल्या पेशी तपासल्यावर त्यांच्यात एक दुर्मीळ बदल सापडला. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून दोन वाटा सांगितल्या. एक जुनं औषध. त्याने वर्षभर मिळेल, कदाचित थोडं जास्त, पण त्यातले बरेच दिवस अंथरुणात जातील. दुसरं औषध मूळचं भलत्याच आजाराचं. मास्तरांच्या मते, दादासारखाच बदल असलेल्या चार रुग्णांवर ते वापरलं गेलं होतं. तिघांना चांगला गुण आला, चौथा दगावला.

"म्हणजे पंचाहत्तर टक्के," डॉक्टर म्हणाले.

"चारपैकी तीन वेळा वर जाणारी लिफ्ट मी चालू म्हणून सोडली नसती," दादा म्हणाला.

"आणि चारपैकी तीन वेळा बंद पडणारी?" जुन्या औषधाच्या कागदावर बोट ठेवत डॉक्टरांनी विचारलं.

दादा माझ्याकडे वळला. "काय रे कानामात्रा, हे तुमचंच खातं ना? हे आकडे कुणी तपासले?"

"मीच," मी म्हणालो. थोड्या अभिमानानेच म्हणालो, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

"मग झालं तर. हा जेवणाच्या यादीतसुद्धा अनुस्वार शोधतो, डॉक्टर. नवीनच द्या."

जुनं औषध सुरू झालंच नाही.

दोन आठवडे गोळ्या चालल्या. दादा इस्पितळातच होता, तिसऱ्या मजल्यावर. तपासणीसाठी त्याला चाकांच्या खाटेवरून आमच्या विभागाच्या दारावरून नेत आणि दर वेळी तो उताणा पडल्यापडल्या मला पाटी वाचून दाखवी, ऱ्हस्व चू अगदी तोडून उच्चारून. एका दुपारी मी वर गेलो तेव्हा तो म्हणाला, "ते तिघे बरे झाले ते कोण होते रे?"

"म्हणजे?"

"म्हणजे माणसं कसली होती. काय काम करायची, भूक लागायची का त्यांना. मला काही गिळवत नाही. बघून सांग की. सोबत असल्यासारखं वाटेल."

मी खाली आलो आणि ते चारही लेख काढले. चौघांच्या खाली माझी बरोबरची खूण होती, चार वेगवेगळ्या महिन्यांतली. पहिला लेख एका शल्यविशारदाचा. अठ्ठावन्न वर्षांचा शाळाशिक्षक, औषधाने गाठ निम्मी झाली, पुन्हा वर्गावर जाऊ लागला. शाळा दुसऱ्या मजल्यावर होती आणि तो जिना न थांबता चढत होता. हे दादाला आवडेल म्हणून मी चिठ्ठीवर उतरवून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी लेख वाचत होतो.

दुसरा लेख क्ष-किरण छायाचित्रं काढणाऱ्या डॉक्टरांचा. त्यात लांबलचक वर्णन गाठीच्या सावल्यांचं. माणसाला जेमतेम दीड ओळ. साठीकडे झुकलेला पुरुष, पेशाने शिक्षक. हेही शिक्षकच, मी मनात म्हटलं, खडूची धूळ नडत असेल. हाताच्या छायाचित्राखाली लिहिलं होतं: डाव्या हाताची करंगळी जन्मतः नाही.

मी पहिला लेख पुन्हा उघडला. चौथ्या पानावर, शारीरिक तपासणीच्या परिच्छेदात होतं: डाव्या हाताला चार बोटे, जन्मजात. 'चार' वर मी स्वतः पेन्सिलीचा ठिपका दिला होता. म्हणजे, आकडा अक्षरी आहे, तो तसाच ठेवावा.

तिसरा लेख औषध देणाऱ्या डॉक्टरांचा. एकोणसाठ वर्षांचा पुरुष, सात महिने उत्तम प्रकृती, नंतर परगावी मुलीकडे गेला, संपर्क तुटला. हाताचा उल्लेख नव्हता. पण उपचार सुरू झाले तेव्हाचं वजन एकसष्ट पूर्णांक चार किलो, तिन्ही लेखांत. मी म्हटलं ना, दशांशचिन्ह माझ्या नजरेतून सुटत नाही. तिन्ही ठिकाणी ते जागेवर होतं आणि तिन्ही ठिकाणी मी ते बरोबर आहे एवढंच पाहिलं होतं.

एकाच माणसावर तीन डॉक्टरांनी तीन लेख लिहिले होते, तीन वेगळ्या नियतकालिकांत. लबाडी कुणाचीच नव्हती. ज्याने जे केलं ते त्याने लिहिलं. मास्तरांनी तीन माणसं मोजली.

चौथा लेख उघडायला मला जरा वेळ लागला. मधे धुलाईखान्यातलं यंत्र सुरू होऊन थांबलंसुद्धा. चौथा लेख दुसऱ्याच शहरातल्या इस्पितळाचा होता, वर्षभरानंतरचा. साठ वर्षांचा पुरुष, पूर्वी अन्यत्र हेच औषध घेतल्याचे सांगतो, कागदपत्रे उपलब्ध नाहीत. मुलीने दाखल केले. औषध पुन्हा सुरू केले, उपयोग झाला नाही, सातव्या आठवड्यात मृत्यू. इतर नोंदी: डाव्या हाताची करंगळी जन्मतः नाही.

तो माणूस तीनदा बरा झाला होता आणि एकदा मेला होता. पंचाहत्तर टक्के.

मी चारही लेख टक्केबाईंच्या टेबलावर ठेवले आणि करंगळीच्या ओळींवर बोट ठेवत गेलो. मग त्यांनी कागदावर काहीतरी मांडलं आणि लगेच खोडलं.

"असा बदल आणि अशी करंगळी, दोन वेगळ्या माणसांत असण्याची शक्यता..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

"किती टक्के?"

"काका, आज नका विचारू."

"खुणा माझ्या आहेत."

"तुमच्या खुणा बरोबरच आहेत. प्रत्येक लेख खराच आहे. एकच माणूस दोनदा मोजला जाऊ नये, ही चाळणी मी लावायला हवी होती. नावं छापत नाहीत, म्हणून लावता येत नाही, असं मी अहवालात लिहिलं होतं." त्यांनी चष्मा काढला. "तळटीपेत लिहिलं होतं."

"तळटीप मी तपासली होती," मी म्हणालो. "त्यात चूक नव्हती."

त्यांनी त्याच दुपारी तीन माणसं पुसली आणि मास्तरांना पुन्हा विचारलं. उत्तर आलं: पुरेशी माहिती नाही. आमच्याकडे आल्यापासूनचं मास्तरांचं हे पहिलं प्रामाणिक वाक्य.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि दादाच्या छातीचं छायाचित्र लगेच काढायला लावलं. गाठ वाढली होती. जुनं औषध आता देता येईल का, असं मी विचारलं. ते बराच वेळ रक्ताचे आकडे बघत राहिले. तिथे बघण्यासारखं जास्त काही नसावं, चारच ओळी होत्या.

"दोन आठवड्यांपूर्वी सोसलं असतं," ते म्हणाले. "आता दिलं तर त्या औषधानेच जातील. मी सांगू का त्यांना?"

"नको. आकडे मी तपासलेत असं त्याला मीच सांगितलं होतं."

मी तिसऱ्या मजल्यावर गेलो, तेव्हा दादा उशीला टेकून बसला होता. मी सांगायला लागलो. मधे एकदा माझी गाडी वाक्यरचनेतच अडकली. तो म्हणाला, "कर्ता-कर्म नंतर बघ, आधी सांगून टाक." मी सांगून टाकलं. तिघे एकच होते. चौथाही तोच होता. जुनी वाटही आता बंद झाली होती, आणि खुणा माझ्या होत्या.

दादाने खिडकीकडे पाहिलं. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती, बाकी काही नाही.

"सात महिने जिना चढला म्हणतोस?"

"दुसऱ्या मजल्यापर्यंत. न थांबता."

"लिफ्ट नव्हती शाळेला?"

"लिहिलेलं नाही."

"डॉक्टर लोक महत्त्वाचं कधी लिहीत नाहीत." तो थोडा वेळ धापा टाकत राहिला. "मी असतो तर लावून दिली असती त्याला."

मी खाली मान घालून बसलो. तो म्हणाला, "आता असं तोंड करू नकोस. तुला काय माहीत. तू आयुष्यात काही वाचलंस का कधी? नुसतं तपासलंस."

हे तो हसत म्हणाला. मला ते अजून रोज ऐकू येतं.

पुढचे काही दिवस तो उतरत गेला. टक्केबाई दोनदा वर येऊन गेल्या, त्याच्याशी लिफ्टविषयी बोलल्या, टक्का एकही काढला नाही. तिसऱ्यांदा त्या माझ्याकडे आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. दादाची नोंद मास्तरांकडे जायला हवी होती. असा बदल असलेला जगातला तो दुसराच माणूस होता, आणि पुढच्या तिसऱ्याला तरी खरं कळायला हवं. दादाची संमती लागणार होती. ती मागायला मीच वर गेलो.

"घाला की," दादा म्हणाला. आवाज आता ऐकायला कान तोंडापाशी न्यावा लागत होता. "पण मला एकदाच लिही."

"एकदाच लिहीन."

"तू लिहिशील रे. पण इथले तिघे डॉक्टर लिहितील, त्यांचं काय? मला ओळखणार कसा कोणी? त्या शाळामास्तराची करंगळी तरी नव्हती." त्याने दोन्ही हात चादरीवर पसरले. ग्रीस नखांच्या कडांतून कधी पूर्ण गेलंच नव्हतं. "माझी दहाच्या दहा जागेवर."

मी त्याचे हात पाहिले. ओळखीची खूण काय लिहावी ते मला सुचेना. चौतीस वर्षांत मी दुसऱ्याने लिहिलेलंच बरोबर करत आलो होतो. हा माझा पहिलाच मजकूर, आणि तो दादावर होता. मला वाटलं, त्याला काहीतरी सांगायचं असेल. मोठं काहीतरी. मी वही उघडून पेन हातात घेतलं आणि वाकलो.

"हे बघ," दादा म्हणाला.

"बोल."

"उद्या येताना नेलकटर आण. करंगळीचं नख चादरीत अडकतंय."