आपल्याच माणसाची बस

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. देवळातली नव्हे, शाळेतलीही नव्हे, लाल बसमधली. तुमच्या आताच्या गारेगार बसमध्ये बटण असतं. माझ्या वेळी छताखालून लांबलचक दोरी जायची. कंडक्टरने ती एकदा ओढली की बस थांबायची, दोनदा ओढली की सुटायची. सिंगल बेल, डबल बेल. थांब आणि चल, एवढंच मला बोलता यायचं. तिसरा शब्द मला कुणी शिकवला नाही, आणि त्याचीच हळहळ घेऊन मी आज भंगारवाल्याकडे मोडक्या पंख्याखाली पडले आहे.

कारखान्यात घडले तेव्हा माझा आवाज ऐकून मिस्त्री म्हणाला होता, "खणखणीत आहे पोरगी!" नंतर कितीतरी हातांनी मला ओढलं. काही कंडक्टर तर असे हिसडे द्यायचे, जणू मीच त्यांची बदली केली होती. धम्मपालचा हात मात्र हलका. म्हातारं माणूस पायरीवर असलं की ते आत येऊन दांडा धरेपर्यंत तो डबल मारायचा नाही. मागचे कितीही ओरडू देत.

धम्मपाल भोईवाड्यातल्या चाळीचा. त्याची आई इस्पितळात आया होती. ती ड्युटीवर गेली की शेजारची बकुळामावशी त्याला जेवू घालायची, तिच्या भिवाच्या शेजारी बसवून. पुढे धम्मपाल कंडक्टर झाला आणि त्याला नेमकी चाळीवरून प्रभादेवीला जाणारी बस मिळाली. चाळीला कोण आनंद! "आता काय, आपलीच बस!"

तिथेच माती खाल्ली.

पहिल्या दिवशी त्याने सगळ्यांकडे तिकीट मागितलं. भिवा हसला. "काय रे, मोठा साहेब झालास काय? आमच्याकडे तिकीट मागतोस?" धम्मपाल ओशाळला. मावशीचं तिकीट तो आपल्या खिशातून काढायला लागला. ते बाकीच्यांनी पाहिलं. "तिला फुकट, मग आम्ही काय तुझं घोडं मारलंय?" चाळभराची तिकिटं तो कुठून काढणार? मग तो चाळीतली माणसं चढली की खिडकीबाहेर बघायचा. भीड भिकेची बहीण असते, मित्रांनो. मला ते कळत होतं. पण माझ्याकडे शब्द दोनच, थांब आणि चल.

एका रविवारी प्रभादेवीच्या हॉलमध्ये भिवाच्या मुलीचा, प्रितीचा साखरपुडा होता. प्रिती आईबरोबर आधीच पोचली होती. मावशी, भिवा आणि चाळीतली बरीच मंडळी आमच्या बसने निघाली. मावशीच्या मांडीवर पेढ्यांचा डबा होता. धम्मपालला रजा मिळाली नव्हती. तो वाकून हळूच म्हणाला, "मावशी, तुम्ही उतरताना प्रितीसाठी पाकीट देतो हां." मावशीने त्याच्या गालावरून हात फिरवला. तिकीट कुणी मागितलं नाही, कुणी काढलं नाही.

हॉलजवळच्या थांब्यावर मुलाकडची माणसं पाहुण्यांना घ्यायला उभी होती. मी सिंगल वाजले, बस थांबली आणि दारातून दोन चेकर आत आले.

"तिकीट दाखवा."

भिवाने बाहेर पाहिलं. व्याही खिडकीतून हसत हात हलवत होते. त्यांच्यासमोर विनातिकीट म्हणून खाली उतरायचं? भिवाचा चेहरा उतरला. आणि मग तो बोलला.

"साहेब, पैसे दिलेत आम्ही. ह्याने तिकीटच दिलं नाही. आम्ही काय करणार?"

धम्मपाल त्याच्याकडे वळला. "भिवादादा, काय बोलतोस तू?"

पण वाट सापडली होती ना! बाकीचे सगळे एका सुरात म्हणाले, "हो हो, दिलेत पैसे." चेकरने धम्मपालला खिसे रिकामे करायला सांगितले. कंडक्टरने ड्युटीवर चढण्याआधी स्वतःजवळचे पैसे लिहून द्यायचे असतात. त्या सकाळच्या घाईत तो ते विसरला होता. खिशातून पाकीट निघालं. आहेराचं, वर रुपयाचं नाणं चिकटवलेलं. आत नोटा.

"हे कुठून आले?"

धम्मपालने मान वळवली. तो मावशीकडे बघत होता. ते पाकीट कुणासाठी आहे हे बसमध्ये तिला एकटीला माहीत होतं. चेकरने तिला अदबीने विचारलं, "आजी, तुम्ही दिले होते पैसे?"

मावशीने पाकिटाकडे पाहिलं. मग बाहेर उभ्या व्याह्यांकडे.

"दिले," ती म्हणाली.

मी दोरीला लटकले होते. ओरडावंसं वाटलं, खोटं आहे, खोटं! पण घंटा आपणहून वाजत नाही.

साखरपुडा झाला. पेढे वाटले गेले. धम्मपालची नोकरी गेली, आणि भिडेला बळी पडला म्हणून नव्हे, चोर म्हणून गेली. चौकशीत खरं सांगायला चाळीतून कुणीही फिरकलं नाही. त्यानंतर मात्र ती सगळी माणसं बसमध्ये चढली की गुपचूप तिकीट काढायची. मेल्यांनो, आता काढता? माझा तर नुसता तिळपापड व्हायचा.

पुढे एकदा धम्मपाल बसमध्ये चढला. अंगावर कुठल्याशा इमारतीच्या वॉचमनचा गणवेश होता. मावशी बसली होती, तिच्या शेजारची जागा रिकामी होती. ती लगबगीने सरकली. "ये रे बाबा, बस. तुझं तिकीट मी काढते."

"नको मावशी. काढलंय मी," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. बसलाही नाही.

मावशीने तोंडाला पदर लावला. रडत होती बिचारी, पण मला तिची दया आली नाही, खरंच सांगते. त्याचा थांबा जवळ आला तसा सवयीने त्याचा हात वर गेला, माझ्या दोरीपर्यंत. किती दिवसांनी! मी वाट पाहत होते. त्याने हात तसाच खाली घेतला आणि नव्या कंडक्टरला म्हणाला, "जरा बेल मारता का?"

मित्रांनो, आता मला कुणी ओढत नाही, म्हणून हे सांगून ठेवते. बसमध्ये कंडक्टर अनोळखी असेल तर तिकीट काढाच. आणि ओळखीचा असेल, तुमच्या घरी जेवलेला असेल, तर त्याने मागायच्या आधी काढा. त्याला तुमच्याकडे मागायची लाज वाटते. तुम्ही तरी थोडी बाळगा.