अर्ध्यावरचा झेंडा

“आता तुमच्या डाव्या हाताला हिमनदी आहे,” तुरीड माईकवर म्हणाली. “माझ्यावर विश्वास ठेवा.”

बसमध्ये हशा पिकला. डाव्या हाताला दाट धुकं होतं, उजव्या हातालाही तेच, आणि काचांवरून पाणी नुसतं वाहत होतं. बोटीतून उतरलेली पन्नासेक माणसं प्लॅस्टिकचे पिवळे रेनकोट घालून, न दिसणारी हिमनदी बघायला निघाली होती. तुरीड हा विनोद प्रत्येक पावसाळी फेरीत करायची. तिला स्वतःला त्याचा केव्हाच वीट आला होता. पण पाऊस पडला की पर्यटकांना काहीतरी द्यावं लागतं, आणि तिच्याकडे तेवढंच होतं.

चर्चजवळचं वळण घेऊन बस वृद्धाश्रमासमोर आली, तेव्हा ड्रायव्हर स्टेनारने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. तुरीडने त्याची नजर गेली तिकडे पाहिलं. अंगणातल्या खांबावर झेंडा अर्ध्यावर होता.

कोणाचा वाढदिवस असला की झेंडा टोकापर्यंत, आणि कोणी गेलं की अर्ध्यावर. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. आज तुरीडच्या वडिलांचा, हल्वर यांचा, नव्वदावा वाढदिवस होता. काल संध्याकाळी तिनेच आश्रमात बजावून ठेवलं होतं, की उद्या झेंडा लावायला विसरू नका, बाबा खिडकीतून बघतात. गेल्या आठवड्यात त्यांना ताप येऊन गेला होता, आणि मनाची तयारी ठेवा असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

“थांबवू का?” स्टेनारने हळूच विचारलं.

“आणि ह्यांना काय सांगू?”

“सांग काहीही. माझ्या बापासारखाच होता गं तो. मासे पकडायला त्यानेच शिकवलं मला.”

“चल तू, स्टेनार. बोट कोणासाठी थांबत नाही.”

मागून एका बाईने विचारलं, “तो झेंडा कशासाठी हो?”

“आमच्याकडे झेंड्यांची फार हौस आहे,” तुरीड माईकवर म्हणाली, आणि पुढच्या धबधब्याची माहिती सांगायला लागली.

तिचा फोन पिशवीत बंद करून ठेवलेला होता. फेरीच्या दिवशी ती तो बंदच ठेवायची, कारण बाबा दिवसभर फोन करत राहायचे. तू कधी येतेस, माझा चष्मा कुठे आहे, ही नवी मुलगी कॉफी पांचट करते. भाऊ ओस्लोला, तो रविवारी फोन करायचा आणि तुरीडचं फार कौतुक करायचा. शेवटची बस सुटली की तुरीड तशीच ओल्या बुटांनी आश्रमात जायची, बाबांची दाढी करायची, त्यांची गाऱ्हाणी ऐकायची आणि घरी जाऊन जेवायचाही कंटाळा करायची. अशी सहा वर्षं गेली होती.

घाट चढून बस वर थांबली. पर्यटक खाली उतरले आणि उत्साहाने धुक्याचे फोटो काढायला लागले. तुरीड मेंढ्यांच्या कुंपणाला टेकून उभी राहिली. आता रडू येईल, असं तिला वाटलं. रडू आलं नाही. तिच्या मनात आलं ते इतकंच, की उद्या संध्याकाळी काम संपल्यावर सरळ घरी जायचं. बूट काढायचे. कोचावर आडवं व्हायचं.

तिला हायसं वाटलं होतं. बाप गेला आणि तिला हायसं वाटलं होतं! स्वतःचीच तिला इतकी लाज वाटली, की जवळ आलेल्या एका म्हाताऱ्याने शौचालय कुठे आहे विचारलं, तेव्हा तिने भलतीकडेच हात दाखवला.

दुपारी धक्क्यावर बोर्गहिल्डच्या टपरीवर ती वॅफल खायला गेली. बोर्गहिल्डने न विचारता जास्तीचा मुरंबा घातला आणि तिच्या हातावर आपला हात ठेवला. “हल्वरकाका?”

“अजून कळलं नाही.”

“फोन कर की गं.”

“करते.”

तिने केला नाही. दुसरा गाईड आजारी होता, दुपारची फेरीही तिच्याच गळ्यात होती, आणि एकदा ऐकल्यावर माईकवर विनोद करता आला नसता. ही सगळी कारणं खरी होती. पण फोन केला की ते कोचावर आडवं होणं संपून अंत्यविधी, भाऊ, पाहुणे, कॉफी सुरू झालं असतं, आणि तिला ते हायसं वाटणं अजून थोडा वेळ हवं होतं. दुपारी झेंड्यासमोरून जाताना तिने मान वळवून घेतली आणि हिमनदीचा विनोद पुन्हा केला. पुन्हा हशा पिकला.

बोटीवर सगळे चढल्यावर स्टेनारने तिला आश्रमाच्या दाराशी सोडलं. “मी येऊ आत?”

“नको. घरी जा.”

दारातच रासा भेटली. उन्हाळ्यापुरती लिथुआनियाहून आलेली नर्स. “बरं झालं आलात! रागावू नका हं. आमचा दुरुस्तीवाला रजेवर आहे, म्हणून झेंडा मीच चढवला. दोर मध्येच अडकला, वरही जाईना न खालीही येईना. म्हटलं, असू दे, काहीच नसण्यापेक्षा बरं.”

तुरीडने वळून बाहेरच्या झेंड्याकडे पाहिलं. “म्हणजे... कोणी गेलं नाही?”

“कोण जाणार?” रासा म्हणाली. “केकसुद्धा खाल्ला सगळ्यांनी.”

बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. दाढी वाढलेली, सदऱ्यावर केकचं क्रीम.

“कोण गेलं गं?” त्यांनी तिला पाहताच विचारलं.

“कोणी नाही, बाबा. दोर अडकलाय.”

“अस्सं. सकाळपासून बघतोय. कोणी सांगायलाच येईना, सगळे गोडगोड बोलतायत, केक भरवतायत. म्हटलं, मीच असेन.”

तिला हसू आलं.

“तुला काय वाटलं?”

“मलाही तेच वाटलं.”

“रडलीस?”

खोटं बोलायचीही ताकद तिच्यात उरली नव्हती. “नाही, बाबा. काम होतं.”

म्हाताऱ्याने बराच वेळ तिच्या ओल्या बुटांकडे पाहिलं. “दमतेस तू,” ते म्हणाले. मग खिडकीकडे वळून पुटपुटले, “वाढदिवस आहे माझा. तो वर कर.”

तुरीड पुन्हा पावसात गेली. दोराला दोनदा हिसका दिला, तिसऱ्यांदा लोंबकळलीच, तेव्हा तो सुटला. भिजून जड झालेला झेंडा हळूहळू वर गेला आणि खांबाला चिकटून बसला. फडकायचं त्राण त्याच्यातही नव्हतं. खाली खाडीत बोटीने निघताना भोंगा दिला.

तिने खिडकीकडे पाहिलं. काचेमागे बाबांचं बोट वर होत होतं. अजून वर.

झेंडा टोकाला टेकला होता. तुरीडने दोर घट्ट धरला आणि आणखी ओढल्यासारखं केलं.